बाईंच्या चार चिठ्ठ्या: गोळीवर गोळी चढत गेली तेव्हा

बाई म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावातल्या रिटायर्ड शिक्षिका, वय 74, आयुष्यभर हायस्कूलला गणित शिकवलं, अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय त्यामुळे सगळेच त्यांना बाई म्हणतात. घरात मुलगा (त्यांना मी दादा म्हणतो), वहिनी आणि बारावीतला नातू. माझं गावात मेडिकल आहे, फार्मसिस्ट म्हणून बरीच वर्षं काउंटरवर उभा आहे. दादांनी सांगितलं की लिहा, दुसऱ्या कुणाच्या तरी आईच्या कामी येईल, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. ओळख पटेल असे काही तपशील बदललेत, औषधं आणि त्यांचा क्रम मात्र जसाच्या तसा.

सुरुवात झाली दिवाळीच्या आसपास. बाई तेच तेच विचारायला लागल्या, गॅस चालू ठेवून देवळात गेल्या, पेन्शनचं पासबुक पिठाच्या डब्यात सापडलं. घरच्यांनी वेळ न घालवता मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं हे फार चांगलं केलं, कारण आपल्याकडे "वय झालं, चालायचंच" म्हणून दोन-तीन वर्षं सहज जातात. तिथे एमआरआय झाला, थायरॉइड आणि बी12 तपासलं (बी12 कमी निघालं, इंजेक्शनं दिली), आणि आठवण-आकलन तपासणारी 30 मार्कांची एमएमएसई टेस्ट घेतली. 100 मधून 7 वजा करत जा असं त्यात विचारतात. बाई 93 म्हणाल्या, 86 म्हणाल्या आणि मग थांबल्या, आणि वहिनी सांगतात की त्यांनी स्वतःच पदराने डोळे पुसले. ज्या बाईने पिढ्यानपिढ्या पोरांकडून पाढे घोटून घेतले तिला 79 सापडेना. एकूण 19 मार्क पडले. निदान अल्झायमरचं, सौम्य आणि मध्यम याच्या सीमेवर.

पहिली चिठ्ठी त्या डॉक्टरांची. डोनेपेझिल 5 एमजी, रात्री एक, महिनाभराने 10.

आता ही गोळी काय करते ते सोप्या शब्दात सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आठवण, लक्ष यासाठी मेंदूतल्या पेशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन वापरतात. अल्झायमरमध्ये ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात, रसायन कमी पडतं. डोनेपेझिल ते रसायन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवते, म्हणजे जे थोडंफार उरलंय ते जास्त वेळ टिकतं. ही गोळी जपानच्या एसाई कंपनीतल्या हाचिरो सुगिमोतो या शास्त्रज्ञाच्या टीमने शोधली, त्यांच्या स्वतःच्या आईला डिमेन्शिया (म्हणजे आठवण आणि समज हरवत जाण्याचा आजार, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) होता, आणि 1996 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. रिव्हास्टिग्माइन आणि गॅलँटामाइन ही त्याच घराण्यातली. पण या गोळ्यांनी आजार थांबत नाही, मरणाऱ्या पेशी वाचत नाहीत, फक्त लक्षणं काही काळ सावरतात, आणि तेही सगळ्यांना नाही. मोठ्या अभ्यासांची सरासरी काढली तर सहा महिन्यांनी एमएमएसईमध्ये साधारण एका मार्काचा फरक दिसतो. एक मार्क ऐकायला काहीच वाटत नाही, पण घरात तो कसा दिसतो ते वहिनींना विचारा. बाई पुन्हा पेपर हातात घ्यायला लागल्या, हेडलाइन मोठ्याने वाचायला लागल्या, नातवाला नावाने हाक मारायला लागल्या. "आईंचं लक्ष परत आलं" असं त्या मला म्हणाल्या होत्या. रात्री भयंकर स्वप्नं पडून ओरडत होत्या, ते डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी गोळी सकाळी द्यायला सांगितली आणि स्वप्नं बंद झाली. इथपर्यंत सगळं छान.

पण हेच ॲसिटिलकोलीन फक्त मेंदूत नसतं. लघवीची पिशवी आकुंचन पावते ती त्यानेच, आतडी हलतात त्यानेच, हृदयाचे ठोके हळू होतात तेही त्यानेच. त्यामुळे डोनेपेझिल चालू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर मळमळ, जुलाब, नाडी मंदावणं, चक्कर आणि लघवीची घाई हे सगळं होऊ शकतं. सगळ्यांना होतं असं नाही, पण होऊ शकतं.

बाईंना 10 एमजी चालू झाल्यावर दोनेक महिन्यात लघवीची घाई सुरू झाली. बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत कपडे ओले. बाई कमालीच्या स्वच्छ आणि मानी, त्यांना हे सहन होईना, चिडायच्या, ओली साडी कपाटात लपवून ठेवायच्या. घरच्यांना वाटलं हा लघवीचा वेगळा आजार, आणि तसं वाटणं साहजिकच आहे, कुणीही हेच समजेल. मग लघवीच्या डॉक्टरांकडे गेले, आणि डिमेन्शियाची गोळी चालू आहे हे तिथे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. दुसरी चिठ्ठी, ऑक्सिब्युटिनिन. औषध त्यांच्याच खालच्या मेडिकलमधून घेतलं.

ऑक्सिब्युटिनिन नेमकं काय करतं? ॲसिटिलकोलीनला त्याच्या जागेवर बसू देत नाही. पिशवी शांत होते, लघवी थांबते, पण हे औषध मेंदूतही सहज शिरतं आणि तिथेही तेच करतं. म्हणजे एका हाताने नळ पूर्ण सोडायचा आणि दुसऱ्या हाताने खालचा कॉक बंद करायचा, आणि दोन्हीचे पैसे आपणच भरायचे. 2005 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात यावर अभ्यास झाला होता, डिमेन्शियाच्या ज्या वृद्धांना डोनेपेझिलसारखी गोळी चालू होती त्यांना लघवीसाठी असलं उलटं औषध लिहून दिलं जाण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा साधारण दीडपट निघालं. तिकडे इतकी व्यवस्थित नोंदणी असून ही गत, मग आपल्याकडे प्रत्येक डॉक्टरची वेगळी फाइल, प्रत्येकाच्या खाली वेगळं मेडिकल, तिथे काय होत असेल याचा विचार करा.

लघवी थोडी कमी झाली खरी. पण बाईंचं तोंड कोरडं पडायला लागलं, पोट साफ होईना, आणि तीन-चार आठवड्यांत संध्याकाळ झाली की त्या वेगळ्याच व्हायला लागल्या. हॉलमध्ये पोरं बसलीत म्हणायच्या, त्यांना गप्प बसा म्हणून ओरडायच्या, दाराची कडी काढून शाळेला उशीर झाला म्हणून निघायच्या. एकदा वहिनींना ढकललं. ते बघून घरच्यांचा धीर सुटला, नातवाची बोर्डाची परीक्षा तोंडावर आणि रात्री कुणाला झोप नाही. तिसरे डॉक्टर, तिसरी चिठ्ठी, रिस्पेरिडोन 0.5 आणि पुढे 1 एमजी.

या औषधांबद्दल थोडं थांबून लिहायला पाहिजे. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही मुळात मानसिक आजाराची औषधं, डिमेन्शियात भास आणि मारहाण आवरायला वापरतात. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2005 मध्ये डिमेन्शियाच्या वृद्धांसाठी यातल्या नव्या औषधांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, 17 अभ्यास एकत्र बघितले तेव्हा साधारण 10 आठवड्यांत औषध घेणाऱ्यांत 4.5 टक्के आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 2.6 टक्के मृत्यू निघाले, मुख्यतः हृदयाचे आणि न्यूमोनियासारख्या इन्फेक्शनचे. 2008 मध्ये जुन्या औषधांनाही तोच इशारा लावला. याचा अर्थ ती कधीच वापरू नयेत असा नाही. पेशंट स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतोय, खूप घाबरलाय, बाकी सगळं करून झालंय, तेव्हा ती लागतात आणि ब्रिटनमध्ये रिस्पेरिडोनला अशा वेळी सहा आठवड्यांपर्यंत मान्यताही आहे. पण ती कमीत कमी डोसने, ठरवलेल्या मुदतीसाठी आणि आधी कारण शोधून. बाईंच्या बाबतीत कारण शोधायचं राहिलं. बद्धकोष्ठ, लघवीचं इन्फेक्शन, दुखणं, न दिसणं, न ऐकू येणं आणि नवीन चालू झालेलं औषध, डिमेन्शियाचा माणूस अचानक बिघडला की आधी हे बघायचं असतं. ज्याला सांगता येत नाही त्याचं पोट दुखत असेल तरी तो चिडूनच दाखवणार ना.

रिस्पेरिडोनने बाई शांत झाल्या. फार शांत. मग हाताला कंप आला, चेहरा लाकडासारखा, पाय उचलेनात, घासत घासत चालायला लागल्या. हा त्या औषधाचा ओळखीचा परिणाम आहे. त्यावर चौथी चिठ्ठी, ट्रायहेक्सिफेनिडिल. आणि हे औषध पुन्हा ॲसिटिलकोलीन अडवणारंच, ऑक्सिब्युटिनिनचं भावंड. म्हणजे आता बाईंच्या अंगात ॲसिटिलकोलीन वाढवणारं एक आणि अडवणारी दोन. वर सर्दी झाली तेव्हा कुणीतरी दिलेली क्लोरफेनिरामाइनची गोळी होती, तिचाही कल तिकडेच.

पावसाळ्याच्या सुरुवातीला बाई बाथरूमच्या उंबऱ्यात पडल्या, उजव्या मनगटाला फ्रॅक्चर, प्लास्टर. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी दादांना "आपण कोण?" असं विचारलं. घरच्यांनी मनाशी ठरवलं की आजार शेवटच्या टप्प्यात गेला.

माझ्याकडे दादा आले होते मोठ्या माणसांचे डायपर घ्यायला. बोलता बोलता त्यांनी औषधांची पिशवी काउंटरवर ओतली, म्हणाले एवढ्या गोळ्या देऊनही फरक नाही, यातलं काय काय माझ्याकडे मिळेल. मी सगळ्या स्ट्रिपा काचेवर एका ओळीत मांडल्या. दोन स्ट्रिपा अशा कापलेल्या होत्या की औषधाचं नावच नव्हतं, फक्त बॅच नंबरचा अर्धा तुकडा, रंग आणि आकारावरून आणि चिठ्ठीशी ताडून ओळखाव्या लागल्या. (सुट्ट्या गोळ्या घेताना नाव असलेला तुकडा मागून घ्या हो, किंवा निदान पाकिटावर लिहून घ्या.) मग चारही चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या आणि दादांना एकच विचारलं, प्रत्येक नवीन त्रास कधी सुरू झाला ते आठवून सांगा. त्यांनी मोबाईलमधले फोटो, मेसेज बघून बघून सांगितलं. डोनेपेझिल वाढली, मग लघवी. लघवीचं औषध, मग भास. भासाचं औषध, मग कडकपणा. कडकपणाचं औषध, मग पडणं आणि ओळख जाणं. कागदावर बाण काढत गेलो तसे दादा गप्प होत गेले.

असं होतं याला डॉक्टरी जगात 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' असं नाव आहे, 1990 च्या दशकात पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या दोघांनी त्यावर लिहिलं, औषधाच्या साइड इफेक्टला नवा आजार समजून त्यावर नवं औषध देणं आणि त्याची साखळी होणं. चारही डॉक्टरांनी समोर दिसणाऱ्या त्रासावर बरोबरच औषध दिलं होतं, एकेक चिठ्ठी सुटी वाचली तर तिच्यात चूक काढता येत नाही. चारही चिठ्ठ्या एकत्र मात्र कुणाच्याच टेबलावर आल्या नव्हत्या.

मी काहीही बंद करायला सांगितलं नाही, ते माझं काम नाही आणि ही औषधं अचानक थांबवणं धोक्याचंही असतं. मिरजेच्या डॉक्टरांना फोन लावला, सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या स्ट्रिपांसकट बोलावलं.

तिथे ईसीजीत ठोके मिनिटाला 48 निघाले. बाईंना बीपीसाठी जुनी मेटोप्रोलॉल चालूच होती, तीही ठोके कमी करते आणि डोनेपेझिलही, दोन्ही मिळून एवढे उतरले, आणि त्या पडण्यात याचाही हात असू शकतो असं सर म्हणाले. लघवीत इन्फेक्शन नव्हतं. पोट मात्र चार दिवस साफ नव्हतं.

सरांनी केलेले बदल असे. ऑक्सिब्युटिनिन बंद. डोनेपेझिल 10 वरून 5. फिजिशियनशी बोलून मेटोप्रोलॉलच्या जागी टेल्मिसार्टन. रिस्पेरिडोन आधी निम्मी, मग भास वाढत नाहीत हे बघून बंद, आणि तिच्या मागोमाग ट्रायहेक्सिफेनिडिल हळूहळू उतरवत बंद. पोटासाठी रोज रात्री औषध. सर्दी-खोकला-खाज-झोप यासाठी परस्पर काहीही द्यायचं नाही, आधी विचारायचं. आणि त्यांनी एक गोष्ट बजावली जी फार महत्त्वाची आहे, डोनेपेझिल शरीरातून फार सावकाश जाते, निम्मी व्हायलाच 70 तास लागतात, त्यामुळे डोस कमी केल्याचा परिणाम दिसायला दोनेक आठवडे धरा, दोन दिवसांत फरक नाही म्हणून घाबरून पुन्हा काही सुरू करू नका.

लघवीचं मात्र नुसत्या गोळ्यांनी सुटणारं नव्हतंच. वहिनींनी एक दिवस नीट बघितलं तर घाई झाल्यावर बाई बाथरूमपर्यंत वेळेत पोचत होत्या, पण तिथे उभ्या राहून परकराची नाडी सुटत नव्हती. गाठ कुठे आहे तेच कळेना, ओढली की आणखी घट्ट बसायची, त्यात डावा हात एकटा. सगळा खोळंबा तिथे होता. मग साडी-परकर बंद करून पुढून उघडणारा सैल गाऊन आणला. बाईंना गाऊन पसंत नव्हता, आयुष्यात घराबाहेर गाऊनवर आल्या नाहीत त्या, म्हणून वहिनींनी वरून ओढणीसारखा एक पदर द्यायला सुरुवात केली आणि ते त्यांना चाललं. रात्री पलंगाशेजारी कमोड चेअर, पॅसेजमध्ये छोटा दिवा, आणि दिवसा दर दोन तासांनी विचारायचं नाही तर सरळ "चला बाई" म्हणून घेऊन जायचं. विचारलं की त्या नाही म्हणायच्या. चहा संध्याकाळी सहानंतर नाही. एवढं करून पुन्हा औषधाची गरज पडली असती तर सरांनी मिराबेग्रॉनचा विचार सांगून ठेवला होता, ते दुसऱ्या मार्गाने पिशवीवर काम करतं, ॲसिटिलकोलीनच्या वाटेला जात नाही, बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. पण ती वेळ आली नाही. अंथरूण कधीमधी ओलं होतं अजून, वहिनी म्हणतात ते चालतं.

पहिले दहा-बारा दिवस कठीण गेले, रिस्पेरिडोन कमी करताना दोन रात्री बाई पुन्हा शाळेला निघाल्या. त्यावर नातवाने भारी युक्ती केली, त्यांच्यासमोर वही ठेवली आणि म्हणाला बाई, माझी उदाहरणं तपासून द्या. त्या लाल पेन घेऊन अर्धा तास टिक करत बसल्या, बरोबर-चूक काही नाही, पण बसल्या. हे कुठल्याही चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं आणि माझ्या मते त्या दोन रात्री निभावल्या त्या यामुळेच.

महिन्याभरात भास गेले. चालणं सुटलं, चेहऱ्यावर हसू आलं. प्लास्टर निघालं तेव्हा ठोके 66 होते. आणि गणपतीच्या सुमारास दादा दुकानात आले ते मुद्दाम सांगायला, आई सकाळी नावाने हाक मारून म्हणाली की दाढी वाढलीय, कर.

आता खरं ते सांगितलं पाहिजे. नंतरच्या टेस्टमध्ये बाईंना 16 मार्क पडले. सुरुवातीच्या 19 पेक्षा कमी. आजार त्याच्या गतीने पुढे सरकतोच आहे, आणि गोळ्यांच्या साखळीने जे गेलंसं वाटत होतं त्यातलं बरंच परत आलं तरी आजाराने नेलेलं परत येत नाही. घरच्यांना हे सरांनी समोर बसवून सांगितलं आणि मला वाटतं ते गरजेचं होतं.

पुढे सरांनी मेमँटाइन जोडली. ही वेगळ्या जातीची गोळी, ग्लुटामेट नावाच्या रसायनाचा अतिरेक आवरते, मध्यम ते तीव्र टप्प्यात देतात, लघवीची घाई किंवा मंद नाडी असल्या भानगडी तिच्यात सहसा नसतात पण चक्कर, डोकेदुखी, पोट जड होणं होऊ शकतं. 5 एमजीपासून दर आठवड्याला 5 वाढवत 20 पर्यंत नेतात, आणि किडनी कमजोर असेल तर डोस कमी ठेवावा लागतो म्हणून आधी क्रिएटिनिन बघितलं. हल्ली डोनेपेझिल आणि मेमँटाइन एकाच गोळीत मिळते आणि सोयीची म्हणून लोक मागतात, पण बाईंसाठी दोन्ही सुट्याच ठेवल्यात, एखादीचा डोस एकटा कमी करता यावा म्हणून.

मध्यंतरी दादांच्या मनात आलं होतं की एवढं रामायण झालं ते डोनेपेझिलमुळे, तर तीच कायमची बंद करू. बऱ्याच घरांत हा विचार येतो. 2012 मध्ये ब्रिटनमधला डॉमिनो नावाचा अभ्यास छापून आला, मध्यम-तीव्र टप्प्यातले 295 पेशंट, ज्यांची डोनेपेझिल चालू ठेवली ते बंद केलेल्यांपेक्षा आठवण आणि रोजची कामं दोन्हीत बरे राहिले. फरक फार मोठा नव्हता पण होता. म्हणून 5 एमजी सोसत असेल तर चालू ठेवायची असं ठरलं, आणि पुढे कधी बंद करायची झाली तर हळूहळू, आणि बंद केल्यावर घसरण दिसली तर लगेच कळवायचं.

सध्या बाईंच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. औषधाचं नाव, डोस, कशासाठी, कुणी दिलं, कधी चालू झालं आणि चालू झाल्यावर नवीन काय दिसलं, एवढेच रकाने. शेवटचा रकाना वहिनींनी स्वतः वाढवलाय. कुठल्याही डॉक्टरकडे जाताना त्याचा मोबाईलवर फोटो दाखवतात, दातांच्या डॉक्टरांनासुद्धा, आणि सगळी औषधं एकाच दुकानातून घेतात, ते दुकान माझंच असलं पाहिजे असं काही नाही. पुढची मिरजेची फेरी दिवाळीनंतर आहे, मेमँटाइन 20 वर आल्यापासून बाई दुपारी जास्त झोपतात, ते दादांनी कागदावर तारीख घालून लिहून ठेवलंय, सरांना तेच पहिलं विचारायचंय.